कालबैशाखीचा पाठलाग : अलीपूरच्या वेधशाळेपासून शिवारापर्यंत

१५ जानेवारी २०२५ रोजी भारतीय हवामानशास्त्र विभागाने स्थापनेची दीडशे वर्षे पूर्ण केली. त्यानंतर तीन महिनेही उलटले नव्हते, तोच १० एप्रिलच्या सुमारास गडगडाटी वादळांनी, गारांनी आणि विजांनी बिहारला झोडपून काढले. दिवस गव्हाच्या सुगीचे होते. झाडे उन्मळली, भिंती कोसळल्या, शेतांवर विजा पडल्या आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली.

हे वादळ अनोळखी नव्हते. पूर्व भारतात ते दर वर्षी येते. त्याचा हंगाम ठरलेला आहे, दिवसाची वेळ बहुधा ठरलेली आहे आणि येण्याची दिशाही जवळपास ठरलेली आहे. विज्ञान शंभर वर्षांपासून त्याच्या मागावर आहे. तरीही त्याचा इशारा शेतात वाकून काम करणाऱ्या माणसापर्यंत पोहोचायला एवढा काळ का लागला, या प्रश्नाचे उत्तर या वादळाच्या अभ्यासाच्या इतिहासातच सापडते.

बंगालमध्ये या वादळाला ‘कालबैशाखी’ म्हणतात. बंगाली सौर वर्षाचा पहिला महिना, म्हणजे बैशाख, एप्रिलच्या मध्याला सुरू होतो. त्या महिन्यात काळ होऊन येणारे म्हणून हे नाव. वायव्येकडून येते म्हणून इंग्रज त्याला ‘नॉरवेस्टर’ म्हणत. आसामात हेच वादळ ‘बरदैचिला’ होते. तिथल्या लोककथेत ती बिहूच्या सुमारास धावतपळत माहेरी येणारी लेक आहे. वाटेत झाडे मोडते, छपरे उडवते, पण तिचे येणे शुभ मानले जाते. महाराष्ट्रातील वळीव, केरळ-कर्नाटकातील आम्रसरी आणि कोडगूच्या कॉफीमळ्यांना फुलवणारा बहराचा पाऊस ही याच उन्हाळी कुळातील भावंडे. मात्र कालबैशाखीचा आवेश या सर्वांहून मोठा आहे.

या नावांमध्ये दिसणारा दुहेरी भाव खोटा नाही. बंगालमध्ये तागाची पेरणी मार्च ते मे या काळात होते आणि ती बऱ्याच अंशी याच पावसाच्या ओलीवर अवलंबून असते. कॉफीच्या झाडाला फेब्रुवारी-मार्चमध्ये एक चांगली सर मिळाली, की आठ-दहा दिवसांत पांढरा बहर येतो. सर चुकली तर त्या वर्षाचे पीक हातचे जाते. दुसरीकडे, तेच वादळ कापणीला आलेला उन्हाळी भात आडवा करते, आंब्याच्या कैऱ्या झाडाखाली अंथरते आणि उघड्या रानातल्या माणसावर वीज पाडते. शेतकऱ्याला हे वादळ हवेही असते आणि नकोही असते. वादळ टळावे, अशी त्याची मागणी कधीच नव्हती. ते केव्हा आणि नेमके कुठे येणार, एवढेच त्याला हवे होते.

पण भारतातील हवामानशास्त्राचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. जहाजाचे कप्तान राहिलेल्या हेन्री पिडिंग्टन यांनी कलकत्त्यात १८४८ मध्ये ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला, तो खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्याला धडकलेल्या चक्रीवादळात साठ हजारांच्या आसपास माणसे मेली आणि बंदरातील जहाजांची दाणादाण उडाली. पाठोपाठ १८६६ मध्ये ओडिशात भीषण दुष्काळ पडला. बंदराचे रक्षण आणि मान्सूनचा अंदाज या दोन चिंतांतून १८७५ मध्ये हवामान विभागाची स्थापना झाली. मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ असलेले हेन्री ब्लॅनफर्ड विभागाचे पहिले प्रमुख झाले. हिमालयातील बर्फ आणि मान्सून यांचा संबंध त्यांनी १८८४ मध्ये मांडला.

या चौकटीत उन्हाळी वादळाला जागा नव्हती, आणि त्याला एक शास्त्रीय कारणही होते. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरते आणि अनेक दिवस टिकते. गडगडाटी वादळाचा एक मेघ दहा-वीस किलोमीटरचा असतो आणि तासाभरात संपतो. एकमेकींपासून लांब असलेल्या वेधशाळांच्या तारा गोळा करून दिवसातून एक-दोनदा काढलेला हवामान नकाशा म्हणजे मोठ्या आसाचे जाळे. त्यात चक्रीवादळ अडकते. गडगडाटी वादळ सहज निसटते. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद परिसरात गारपिटीने २४६ माणसांचा बळी घेतला. गारांनी झालेल्या मनुष्यहानीचा जागतिक हवामान संघटनेने नोंदवलेला विक्रम आजही याच घटनेच्या नावावर आहे. इतकी मोठी आपत्तीसुद्धा त्या काळच्या नकाशावर आगाऊ उमटण्याची सोय नव्हती.

या वादळाच्या पद्धतशीर अभ्यासात एक मराठी नाव ठळकपणे येते. विश्वनाथ विष्णू सोहोनी यांनी कलकत्त्यातील गडगडाटी वादळांच्या १९०० ते १९२६ या सत्तावीस वर्षांच्या नोंदी एकत्र करून १९२८ मध्ये त्यांवर शास्त्रीय टिपण प्रसिद्ध केले. पुढे १९५० मध्ये हेच सोहोनी हवामान विभागाचे महासंचालक झाले. बंगालमधील घूर्णवातांच्या घडणीविषयी एस. एन. सेन यांचे टिपण १९३१ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. या कामाचे मोल मोठे आहे. मात्र सोहोनींच्या नोंदी कलकत्त्याच्या होत्या, कारण सलग नोंदी ठेवणारी उपकरणे अलीपूरच्या वेधशाळेसारख्या मोजक्या ठिकाणीच होती. वादळ जिथून वाढत येत होते, त्या छोटा नागपूरच्या पठारावरील आणि मधल्या शेकडो गावांतील वाऱ्याची, पावसाची घटिकावार नोंद कुणाकडे नव्हती.

दरम्यान वादळाचे कोडे आकाशातून सुटू लागले होते. १९१४ मध्ये आग्र्याला उपरी हवेची वेधशाळा सुरू झाली आणि फुग्यांना बांधलेली उपकरणे वरच्या थरांतील तापमान व आर्द्रता टिपू लागली. हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. तेथून विभागाचा कारभार पाहणारे चार्ल्स नॉर्मंड यांनी १९३८ मध्ये बाष्पामुळे येणाऱ्या अस्थिरतेवर एक निबंध लिहिला. गडगडाटी वादळांच्या भौतिकशास्त्रात तो पायाभूत मानला जातो.

नॉर्मंड यांचा विचार कालबैशाखीला नेमका लागू पडतो. एप्रिलमध्ये बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट, उष्ण हवा जमिनीलगतच्या सुमारे एक किलोमीटरच्या थरात शिरते. तिच्यावरून पश्चिमेकडची कोरडी हवा वाहत असते. या दोन थरांच्या सीमेवर तापमान उंचीनुसार घटण्याऐवजी किंचित वाढते आणि खालच्या हवेवर जणू झाकण बसते. दिवसभराच्या उन्हाने खालची हवा तापत राहते. झाकणामुळे तिला वर जाता येत नाही, म्हणून ऊर्जा साठत जाते. नॉर्मंड यांनी या साठ्याला सुप्त अस्थिरता म्हटले आणि हवेच्या उभ्या छेदाचा आलेख काढून तो मोजता येतो, हे दाखवले. हवेचा एक भाग पुरेसा वर ढकलला गेला, तर त्यातील बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता त्याला आपोआप आणखी वर नेते. दुपारी तापलेल्या पठारावर कुठेतरी हे झाकण फुटते, मेघ पंधरा किलोमीटरपर्यंतही चढतो आणि वरच्या वाऱ्यांबरोबर आग्नेयेकडे निघतो. संध्याकाळी तो गंगेच्या खोऱ्यात उतरतो. पावसाबरोबर वेगाने खाली येणारी थंड हवा जमिनीवर आदळून पसरते. पावसाआधी येणारा तो झंझावात हीच हवा होय. ती पुढच्या उष्ण हवेला उचलते आणि नवे मेघ उभे राहतात.

या साठ्याचा आवाका साध्या गणिताने कळतो. शंभर चौरस किलोमीटर शिवारावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी २५ लाख टन भरते. एवढ्या बाष्पाचे पाणी होताना सुमारे १७० कोटी युनिट विजेइतकी ऊर्जा सुटते. आज संपूर्ण भारतात एका दिवसात जेवढी वीज निर्माण होते, तिच्या साधारण एक तृतीयांश ही ऊर्जा आहे; आणि ती एका तालुक्याच्या तुकड्यावर तासा-दीड तासात मोकळी होते.

सिद्धान्त तयार होता. त्याला निरीक्षणांची जोड मिळाली ती विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धात आसाम आणि बंगाल हे मित्रराष्ट्रांच्या हवाई वाहतुकीचे मोठे केंद्र बनले. चीनला जाणारी रसद आसामातून हिमालयाच्या पूर्व टोकावरून जात असे. कालबैशाखी आता वैमानिकाची शत्रू झाली होती. हवामान विभागाने १९४४ मध्ये बंगालच्या नॉरवेस्टरवर स्वतंत्र तांत्रिक टिपण काढले. अमेरिकेत १९४६-४७ मध्ये होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहम यांच्या नेतृत्वाखाली वैमानिकांनी थेट गर्जनमेघांतून विमाने नेली. मेघाच्या वाढीची, भराची आणि विरण्याची अवस्था त्यातून स्पष्ट झाली. भारतात वादळे टिपणारे पहिले रडार १९५४ मध्ये बसवले गेले, ते कलकत्त्याच्या डमडम विमानतळावर. मोठ्या आसाच्या जाळ्यातून निसटणारा मेघ पहिल्यांदाच चालताना दिसू लागला. पाहणाऱ्यांची पहिली जबाबदारी मात्र धावपट्टी होती.

पुढच्या चार वर्षांत आणखी एक मोठा प्रश्न ऐरणीवर आला. खालची हवा कित्येक दिवस अस्थिर असते. मग वादळे काही विशिष्ट दिवशीच का उठतात? सी. रामस्वामी यांनी १९५६ मध्ये ‘टेलस’ या नियतकालिकात उत्तर मांडले : दहा-बारा किलोमीटर उंचीवरील उपोष्ण झोतवाऱ्याच्या विशिष्ट भागाखाली वरची हवा बाजूला पसरते आणि खालच्या हवेला चढायला वाट मिळते. पी. कोटेश्वरम आणि व्ही. श्रीनिवासन यांनी १९५८ मध्ये गांगेय बंगालमधील वादळांचा अभ्यास करून दाखवले, की वर हवेचे पसरणे आणि खाली हवेचे एकवटणे या दोन्ही गोष्टी एकाच जागी जुळून आल्या, तर वादळांना अनुकूल स्थिती तयार होते. उद्या वादळाचा दिवस आहे का, हे आता बऱ्याच विश्वासाने सांगता येऊ लागले. संगणकाची मदत न घेता, हाताने काढलेल्या नकाशांवरून आणि मोजक्या फुग्यांच्या नोंदींवरून केलेले हे काम भारतीय हवामानशास्त्राच्या अभिमानाचा विषय आहे.

शेतकरी या काळात पूर्णपणे विस्मृतीत गेला होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९३२ मध्ये पुण्यात एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राची शाखा सुरू झाली. जमिनीलगतच्या काही सेंटिमीटर हवेचे तापमान मोजणारे रामदास पिकाच्या उंचीवरून हवामानाकडे पाहत होते. १९४५ पासून रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामान वार्ता सुरू झाली. पेरणी, फवारणी, कापणी यांचा विचार करणाऱ्या त्या वार्तेने पिढ्यानपिढ्या सोबत केली. अडचण प्रमाणाची होती. वार्ता दिवसासाठी आणि मोठ्या प्रदेशासाठी असे; वादळ तासाभराचे आणि चार-सहा गावांचे असते. ‘काही ठिकाणी गडगडाटासह पाऊस’ हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अचूक होते. पण ते ऐकून कुणी दिवसभराची मजुरी सोडून घरी बसेल, अशी अपेक्षा करता येत नव्हती. अशा दिवशीसुद्धा बहुतेक शेतांवर वीज पडत नाही, हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक होते.

ही दरी बुजवण्याचे गंभीर प्रयत्न एकविसाव्या शतकातले आहेत. २००६ आणि २००७ च्या उन्हाळ्यात ‘स्टॉर्म’ या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली पूर्व आणि ईशान्य भारतात कालबैशाखीची सघन निरीक्षणे झाली. पुढे बांगलादेश, नेपाळ आणि भूतानही त्यात सामील झाले. वादळाला सीमा कळत नाही, ही गोष्ट या भागाइतकी क्वचितच कुठे खरी असेल. छोटा नागपूरवर जन्मलेले वादळ रात्री बांगलादेशात पोहोचू शकते. २६ एप्रिल १९८९ रोजी तेथील दौलतपूर-साटुरिया भागात आलेल्या घूर्णवाताने सुमारे १३०० बळी घेतले होते.

दुसरा प्रयत्न विजांचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभरात ऐंशीहून अधिक संवेदकांचे जाळे उभारले. वीज चमकताना निघणाऱ्या रेडिओ लहरी हे संवेदक टिपतात आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचण्याच्या वेळांतील सूक्ष्म फरकावरून विजेची जागा ठरवतात. गर्जनमेघात आधी ढगातल्या ढगात विजा वाढतात आणि जमिनीवर कोसळणाऱ्या विजा बहुधा नंतर येतात. या मधल्या मिनिटांत इशाऱ्याला वाव मिळतो. ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप याच तत्त्वावर आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटर परिसरातील विजेची सूचना देते. मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यातील सिलखेडा येथे शेतीच्या मुलखात वातावरण संशोधनाचे केंद्र उभे राहिले आहे. तिथे मेघ, वीज, पाऊस आणि मातीतील ओल यांची निरीक्षणे एकाच परिसरात होतात. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २००० कोटी रुपयांच्या ‘मिशन मौसम’ला मंजुरी दिली. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या जाळीवर चालणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ कार्यान्वित झाली. आधीच्या प्रारूपाची जाळी बारा किलोमीटरची होती.

ही झेप मोठी आहे, आणि तिची मर्यादाही आकड्यांतच दिसते. मेघाचा वर चढणारा गाभा काही किलोमीटर रुंदीचा असतो. सहा किलोमीटरच्या जाळीला त्याची चाहूल लागते, रूप दिसत नाही. म्हणून शेवटच्या तासाचा भरवसा अजूनही रडार आणि विजांचे संवेदक यांच्यावरच आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार विजेने झालेले मृत्यू २०१९ मध्ये २८७६, २०२० मध्ये २८६२, २०२१ मध्ये २८८० आणि २०२२ मध्ये २८८७ होते. हे आकडे पूर्ण वर्षाचे आहेत. त्यांत मान्सूनमधील विजाही येतात. २५ जून २०२० या एका दिवसात बिहारमध्ये ऐंशीहून अधिक माणसे विजेने गेली, तेव्हा भातलावणीचे दिवस होते. चार वर्षांतील आकड्यांचे हे एकसारखेपण बोलके आहे. ॲप आले, जाळे पसरले, अंदाज सुधारला, पण मृत्यूंची रेषा हलली नाही.

चक्रीवादळांच्या बाबतीत ही रेषा हलली. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसे नेली. २०१३ च्या ‘फायलिन’मध्ये जीवितहानी काही डझनांवर आली, कारण अंदाजाला निवाऱ्याच्या इमारती, स्थलांतराची यंत्रणा आणि गावागावांतील सराव यांची साथ होती. चक्रीवादळ तीन-चार दिवसांची मुदत देते. कालबैशाखी अर्धा-पाऊण तास देते. तेवढ्यात सूचना मिळायला हवी, ती शेतात ऐकू यायला हवी, जवळ पक्का निवारा हवा आणि काम मध्येच थांबवण्याची मुभाही हवी. लावणीला किंवा कापणीला आलेली मजूर बाई चिखलात उभी असताना तिचा मोबाइल बांधावरच्या पिशवीत असतो. असा मोबाइल अनेकींकडे नसतोही. काम थांबवायचे का, हे ठरवणारी बहुधा ती नसते. पावसाची सर आली की आडोसा म्हणून जवळ असते ते एखादे झाड, आणि विजेच्या वेळी तीच जागा सर्वांत धोक्याची.

जहाजासाठी बंदरावर धोक्याचा बावटा होता आणि विमानासाठी धावपट्टीजवळ रडार. बावटा पाहून जहाज नांगर टाकत असे, रडार पाहून विमान थांबवले जाई. दोन्ही ठिकाणी इशारा ऐकणारा माणस नेमलेला होता आणि थांबण्याचा खर्च कुणीतरी सोसत होते. शिवारासाठी अशी व्यवस्था अजून घडायची आहे. ग्रामपंचायतीचा भोंगा, रोजगार हमीच्या कामावर इशाऱ्यानंतर सुटलेल्या वेळेची मजुरी, शेतांच्या मध्ये वीजरोधक बसवलेली साधी पक्की खोली, ही कामे भौतिकशास्त्राची नाहीत आणि त्यांना नव्या शोधाची गरजही नाही. पुढच्या वैशाखात पठारावरचे झाकण पुन्हा फुटेल, ताग पेरणारा शेतकरी पुन्हा त्या ढगाची वाट पाहील. ढग दिसल्यावर त्याने आणि त्याच्या मजुरांनी कुठे जाऊन थांबायचे, हे तोवर ठरलेले असले पाहिजे.